अर्ध्यावर अडवलेली मूठ

सॅमी झिराडकरबद्दल बेर्शेबात कुणालाही विचारा, भला माणूस आहे असंच सांगतील. कुणाच्या अध्यात ना मध्यात, सकाळी सातला गॅरेज उघडणारा, शनिवारी सिनेगॉगमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, बायकोचा शब्द न मोडणारा. त्यातलं शेवटचं तर अगदी खरं. बायकोचा शब्द त्यानं मोडला नाही. तो तिच्या गळ्यात बांधला आणि आठ वर्षं तिला तसंच फिरू दिलं. हे वाचून कुणाला त्याची दया आली तर येवो बापडी. येऊ नये, असंच खरं तर वाटतं.

हा मूळचा अलिबागजवळच्या झिराडचा, मराठी बोलणारा बेने इस्राएल ज्यू. बाराव्या वर्षी मुंबईला आला आणि भायखळ्याच्या एका पारशाच्या कारखान्यात मोटारसायकली पुसायला लागला. पुसता पुसता खोलायला लागला. विशीत आला तेव्हा त्याचा कान असा तयार झाला होता, की गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हा इथून सांगायचा, डावा वॉल्व्ह सैल आहे. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून डोळे मिटून उभा राहायचा. पारशी म्हणायचा, हा डॉक्टर व्हायचा तो चुकून इकडे आला. डॉक्टरसारखा एक वाईट गुण मात्र त्याच्यात तेव्हापासून होता. स्वतःला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही, याबद्दल त्याच्या मनात जराही शंका नसे.

एकोणसत्तर साली तो आणि युडिथ इस्राएलला आले. समुद्राजवळ घर देतो म्हणून बंदरावरच्या माणसानं ट्रकमध्ये बसवलं आणि उतरवलं ते बेर्शेबाच्या वाळूत. युडिथ उमरखाडीची, बोलघेवडी, घाबरट, देवावर फार श्रद्धा असलेली. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. तो आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, मग त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. तीन मुलं पोटातच गेली. पंच्याहत्तर साली चौथा जगला, तो अविव. त्याच्यानंतर काही नाही.

त्या देशात मुलगा अठरा वर्षांचा झाला की लष्करात जातो, त्यातून सुटका नाही. पण एकुलत्या एक मुलाला आघाडीवर पाठवायचं तर आईबापाची सही लागते. अविवला आघाडीवरच, लेबनॉनला, जायचं होतं. युडिथ सही करीना. पोरानं तीन दिवस अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी तिनं रडत रडत सही केली, आणि कागद घेऊन तो दाराबाहेर पडला न पडला तोच ती भिंतीवरच्या तसबिरीपुढे जाऊन उभी राहिली. एलियाहू हन्नाबीची तसबीर ती. बेने इस्राएलांच्या घरोघरी असते. अग्नीच्या रथात बसून प्रेषित आकाशात चाललाय. लग्न जमू दे, पोर पास होऊ दे, घर मिळू दे, आमचे लोक सगळे नवस ह्याच्याजवळ बोलतात, आणि काम झालं की मलिदा करतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं, आणि दहा-पंधरा घरची माणसं.

युडिथ नुसता मलिदा बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भीतीनं माणसाची जीभ सुटते. ती म्हणाली, "हन्नाबी, माझा अविव लेबनॉनवरून आपल्या दोन पायांवर घरी येऊ दे. मी मलिदा करीन, आणि त्या दिवशी तो तोंडातून पहिली जी वस्तू मागेल ती त्याला देईन. नाय म्हणणार नाय."

सॅमी मागे उभा होता. त्यानं ऐकलं. त्यानं तिला अडवलं नाही, कारण त्या घटकेला त्यालाही तेच हवं होतं.

शहाण्णव साली अविव दोन पायांवर घरी आला.

मलिद्याला घर भरलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारे हज्जान सायमन पेणकर, त्यांनी एलियाहूचं गाणं म्हटलं, ताटातले पोहे वाटले गेले, आणि मग युडिथ सगळ्यांदेखत मुलाला म्हणाली, "आता माग. पहिली वस्तू." बायकांना वाटलं होतं, पोरगा लाजेल, घड्याळ मागेल. अविवनं शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. मासिकातलं पान. लेबनॉनमध्ये दोन वर्षं ते त्याच्या छातीपाशी होतं, घड्यांवर फाटून चिकटपट्टी लावलेलं. त्यावर एक लाल मोटारसायकल होती.

"ही," तो म्हणाला.

इटलीतल्या बोलोन्या शहरात बनलेली ती गाडी. पोरं तिला नुसतं नऊशे सोळा म्हणत. इंजिन तेवढ्या सीसीचं होतं म्हणून. तिथे जमलेल्या बायकांना ते चित्र म्हणजे एक दोन चाकांचं खेळणं वाटलं आणि त्या हसल्या. शेजारच्या इमारतीतल्या एस्थरमावशी म्हणाल्या, "अगो, एलियाहूच्या रथाला घोडे आहेत, ह्याला कुठेत?" अविव हसून हिब्रूत म्हणाला, "शंभराच्या वर आहेत, आत." सॅमी हसला नाही. त्या खोलीत ते चित्र वाचता येणारा तो एकटाच होता.

तो तसबिरीकडे बघत बायकोला हळूच म्हणाला, "फिरव शब्द. दुसरं काय मागायला सांग." युडिथचे ओठ पांढरे पडले होते. पण बोललेला नवस पंधरा घरांसमोर फिरवायचा, आणि तोही मुलगा हातीपायी धड समोर उभा असताना? "त्यानं आपलं दिलं," ती म्हणाली. "आता मी नाय म्हटलं तर तो परत घेईल."

पेताह तिक्वाच्या एका दंतवैद्यानं ती गाडी हौसेनं घेतली होती आणि तीन महिन्यांत घाबरून विकायला काढली होती. युडिथनं मुंबईहून आणलेल्या पाटल्या मोडल्या, अविवनं लष्करातून सुटताना मिळालेली रक्कम घातली, आणि नऊशे सोळा सॅमीच्या गॅरेजात येऊन उभी राहिली. सॅमी म्हणाला, "आधी मी बघणार. चार दिवस हात लावायचा नाय." अविवनं मान डोलावली. बाप खोलून, तपासून, जुळवून देणार याचा त्याला केवढा अभिमान! त्यानं मित्रांना सांगितलं, अख्ख्या नेगेवच्या वाळवंटात हे इंजिन समजणारा एकच माणूस आहे आणि तो माझा अब्बा आहे.

ते चार दिवस सॅमीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे लिहायला हात अडखळतो, पण खरं आहे. त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं, गिऱ्हाईकं परत पाठवली. गाडीचा लाल पत्रा उतरवला तर आत नळ्यांची बारीक जाळी, पिंजऱ्यासारखी विणलेली, आणि त्या जाळीत इंजिन टांगलेलं. दोन सिलिंडर, एक उभा, एक जवळजवळ आडवा, दोघांमध्ये काटकोन. मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं. दुसऱ्या बाजूनं बघावं तर वाटे की चाकाला कुणी धरलेलंच नाही. धुराच्या नळ्या सीटखालून नेलेल्या. आणि वॉल्व्ह! जगातल्या सगळ्या इंजिनांत वॉल्व्ह उघडायला कॅमचा, म्हणजे फिरत्या उंचवट्याचा, धक्का असतो आणि मिटायला स्प्रिंग. वेग फार वाढला की स्प्रिंग मागे पडते. ह्या इटालियनांनी स्प्रिंगवर भरवसाच ठेवला नव्हता. उघडायला एक कॅम, मिटवायला दुसरा. ढकलायला एक हात आणि ओढून घ्यायला दुसरा, चुकायला जागाच नाही. सॅमीनं एकेका वॉल्व्हची फट केसाएवढ्या मापानं जुळवली. दात असलेले पट्टे नवे घातले. सुका क्लच मोकळा सोडला की पितळी भांडी खडखडावीत तसा आवाज करी, तो ऐकून त्याला हसू येई. चोपन्न वर्षांचा माणूस एकटाच गॅरेजात हसत होता.

पाचव्या दिवशी सकाळी तो एकटा गाडी घेऊन अरादच्या रस्त्याला लागला. सरळ, ओसाड रस्ता, दोन्हीकडे करडी टेकाडं आणि भटक्या बदू अरबांचे पत्र्याचे तळ. शहर सुटल्यावर त्यानं रेसची मूठ पूर्ण पिळली.

तीन सेकंदांत काटा शंभरावर गेला, तेही पहिल्याच गिअरमध्ये. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनंतर इंजिनचा सूर पालटला, पोटातून येणारी गुरगुर एकदम गळ्यातून निघायला लागली, आणि गाडी सुटली. दोनशे. दोनशे वीस. वळण आलं तर गाडी नुसती नजर फिरवल्यावर वळली, जणू रुळावर होती. पुढे एक ट्रक होता. मूठ जरा पिळली, ट्रक मागे गेला, डोळ्याचं पातं लवायच्या आत. सॅमी हेल्मेटच्या आत ओरडत होता. काय ओरडत होता ते त्याला नंतर आठवलं नाही. अरादच्या चढावर तो थांबला, उतरला आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. आणि मग ते सुख ओसरलं, आणि त्या जागी अविव दिसायला लागला, ह्याच रस्त्यावर, ह्याच काट्यावर.

परत येताना तो साठच्या पुढे गेला नाही. गॅरेजात आल्यावर त्यानं ॲल्युमिनियमचा एक तुकडा कापला, बोटाच्या पेराएवढा. कानशीनं घासून गुळगुळीत केला. थ्रॉटलची कळ जिथे फिरते तिथे आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, दोन स्क्रूंनी बसवला. आता मूठ कितीही पिळा, इंजिनला हवा सोडणारं आतलं दार अर्ध्यावर येऊन त्या ठोकळ्याला टेकणार. गाडी सुरू होईल छान, गुरगुरेल छान, शहरात फिरेल छान. पण सहा हजारांच्या पुढचा तो सूर निघणार नाही. दीडशेला धापा टाकेल.

बापानं स्वतः पोटभर जेवून घेतलं आणि मुलाच्या ताटातली अर्धी भाकरी काढून ठेवली. मुलाला सांगितलं असतं तर एक वेळ ठीक. सांगितलं नाही. युडिथलाही नाही. सांगितलं तर अविव स्वतः काढून टाकेल, एवढा हिशेब त्यानं केला. दुसरा केला नाही. वेगानं माणूस मरतो हे त्याला ठाऊक होतं. ट्रक ओलांडताना समोरून काही आलं तर तोच वेग माणसाला वाचवतो, हे चार तासांपूर्वी स्वतः अनुभवूनही त्याच्या डोक्यात आलं नाही. चाळीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस, आणि एवढं सुचलं नाही!

अविव पहिली फेरी मारून आला तेव्हा चेहरा पडलेला होता. "अब्बा, ही एवढीच?"

"एवढीच म्हणजे?"

"मासिकात लिहिलंय अडीचशेच्या वर जाते. ही दीडशेला मरते."

"मासिकवाले खोटं लिहितात," सॅमी म्हणाला.

पंधरा दिवसांनी अविव पुन्हा आला. अब्बा, एकदा उघडून बघ, काहीतरी अडतंय. सॅमी दोन गिऱ्हाइकांशी बोलत होता. त्यांच्यासमोरच म्हणाला, "गाडीत काही नाय. तुला चालवता येत नाय. घोडा चांगला असून काय, वर बसणारा गाढव." गिऱ्हाइकं हसली. अविव लाल झाला. तो लेबनॉनहून आलेला एकवीस वर्षांचा पुरुष होता. पण बापाच्या कानावर त्याचा देवासारखा विश्वास. अब्बा म्हणतो गाडी बरोबर आहे, म्हणजे गाडी बरोबर आहे. चूक माझ्यात.

तेव्हापासून तो शिकायला लागला. दर शुक्रवारी दुपारी तो आणि त्याचा दोस्त एलियाव अरादला जाऊन यायचे. एलियाव हा एस्थरमावशींचा नातू, शेजारच्याच इमारतीतला, आईवेगळा, आजीनं वाढवलेला. त्याच्याकडे जपानी गाडी होती, नऊशे सोळापेक्षा बरीच साधी. ती पुढे जायची आणि अविव मागे राहायचा. मग अविव वळणावर उशिरा ब्रेक मारायला लागला, ट्रकच्या अगदी मागे चिकटून मग बाहेर काढायला लागला. गाडीत जे नव्हतं ते तो अंगातून काढत होता. सॅमीला हे एलियावकडून कळलं. त्यानं ठोकळा काढला नाही. एकदा रात्रभर विचार केला म्हणतात. केला असेल.

सत्त्याण्णवच्या वल्हांडण सणानंतरचा शुक्रवार. दुपारचे साडेबारा. अरादहून परत येताना फॉस्फेटचा लांब ट्रक पुढे होता. अविव ओलांडायला बाहेर पडला. समोरून पाण्याचा टँकर येत होता, लांब होता. लांब म्हणजे खऱ्या नऊशे सोळाला ट्रक ओलांडून, वर आरामात आपल्या बाजूला यायला पुरेल एवढा. अविवनं मूठ पिळली. मूठ शेवटपर्यंत गेली. गाडी गेली नाही.

ट्रक संपायला दोन मीटर उरले होते.

सात दिवस शोकाला बसले. घरातले आरसे झाकले, सॅमी आणि युडिथ जमिनीवर. माणसं यायची, उकडलेली अंडी आणायची, आणि बोलायची. आमच्यातल्या बायका दुःखाच्या घरात बोलतात ते फार नेम धरून. एस्थरमावशी युडिथच्या पुढ्यात बसून म्हणाल्या, "नवस बोलावा, पण जिभेला हाड असावं. पहिली वस्तू मागेल ती देईन! असं कुणी बोलतं? हन्नाबीनं दिला नि तुझ्या हातूनच परत नेला." युडिथ ऐकत होती. तिनं मान खाली घातली आणि ती म्हणाली, "होय मावशी. माझ्याच जिभेनं गेला."

सॅमी दीड हातावर बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं. तो बोलला. तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो, शब्द फिरव."

सहाव्या दिवशी एलियाव आला. अपघात त्याच्या डोळ्यांसमोर झाला होता. तो सॅमीजवळ उकिडवा बसला आणि हिब्रूत हळूच म्हणाला, "अंकल, मी मागेच होतो. त्यानं मूठ पूर्ण पिळली होती, त्याचं मनगट मला दिसत होतं. गाडीनं ओढलंच नाही. तुम्ही गाडी बघा एकदा."

सॅमीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गिअर चुकला त्याचा," तो मराठीत म्हणाला. "खालचा पाहिजे होता. वरच्यात राहिला."

"अविव? गिअर?" एलियाव हिब्रूतच म्हणाला. "तो असं कधीच..."

"चाळीस वर्षं गाड्या ऐकतोय मी! गिअर चुकला."

एलियाव उठून गेला. पण वाक्य राहिलं. महिन्याभरात अख्ख्या बेर्शेबातली मोटारसायकलवाली पोरं म्हणायला लागली, बिचारा अविव, गिअरमध्ये कच्चा होता. पोलिसांच्या अहवालात चुकीचं ओव्हरटेकिंग एवढंच होतं. ब्रेक आणि टायर तपासून त्यांनी गाडीचा चेंदामेंदा बापाच्या ताब्यात दिला. सॅमीनं शटर ओढून आधी ते दोन स्क्रू काढले. ठोकळ्याला ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं तो सुट्या नटबोल्टांच्या डब्यात टाकला, आणि नऊशे सोळा भंगारवाल्याच्या गाडीत चढवली.

त्या वर्षीचा किप्पूर, उपासाचा आणि पश्चात्तापाचा दिवस, आला. किप्पूरच्या आदल्या दिवशी आमच्यात एकमेकांची माफी मागतात, वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर. देव आपल्याविरुद्धची पापं माफ करतो, माणसाविरुद्धची करत नाही. ती त्या माणसानंच करायची. युडिथ नाहून, पांढरं लुगडं नेसून, ओल्या केसांनी सॅमीपुढे येऊन उभी राहिली. तिनं हात जोडले. "माझ्या जिभेनं तुझा पोरगा गेला," ती म्हणाली. "मला माफ कर."

सॅमी खुर्चीत बसला होता. बराच वेळ गेला. बाहेर रस्त्यावर किप्पूरसाठी गाड्या थांबत चालल्या होत्या. त्याचे ओठ हलले, आणि त्याला स्वतःलाच ऐकू आलं, "केलं माफ."

ती वाकली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. लग्नानंतर तिनं असं कधी केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. त्याला म्हणायला कमी वेळ लागला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. पाचव्या वर्षी तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "केलं, केलं." युडिथनं तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली होती. घरात पुन्हा मलिदा झाला नाही. दुसऱ्यांच्या घरी मलिदा असला तर ती जायची नाही. आपली जीभ तिथे नको म्हणायची. बोलघेवडी बाई होती ती. पुढे पुढे दिवसाला दहा शब्द बोलायची, तेही जेवायला चला, दार लावा असले. साखर वाढली, डोळे गेले, मग मूत्रपिंडं. दोन हजार पाच साली, जिथे तिनं तीस वर्षं भात शिजवला त्याच इस्पितळात, ती खाटेवर पडली होती. किप्पूरला अजून तीन महिने होते. तिला कळलं होतं तेवढं पुरायचं नाही.

"आताच मागते," ती म्हणाली. "माफ कर."

"केलं," सॅमी म्हणाला.

ती त्याचा हात चाचपत राहिली. "दुसऱ्यानं घरातून हाकलली असती. तू एका शब्दानं बोलला नायस मला. देवमाणूस आहेस तू." त्यानं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मग किप्पूरच्या आधीचा आठवडा आला, आणि घरात माफी मागायला येणारं कुणी नव्हतं. तेव्हा कुठे ह्या माणसाला घाम फुटला. जिवंत होती तोवर वाटायचं, सांगू कधीतरी. आता कुणाला सांगणार? तो हज्जान सायमन पेणकरांकडे गेला आणि म्हणाला, एका माणसाची गोष्ट आहे, मला विचारायला सांगितलंय. मेलेल्याची माफी मागायची तर काय करायचं?

सायमननी पुस्तक न उघडता सांगितलं. दहा पुरुष घेऊन कबरीवर जायचं. त्या दहा जणांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचं, देवाचा आणि हिचा मी गुन्हेगार आहे, मी अमुक अमुक केलं. ते काय केलं हेही म्हणायचं. मग दहाही जण तीनदा म्हणतात, तुला माफ आहे.

"दहा पाहिजेतच?"

"दहाच."

सॅमी दारापर्यंत गेला आणि वळला. "कुठच्या भाषेत?"

सायमन म्हणाले, "देवाला सगळ्या कळतात. कुठच्याही."

सॅमीनं माणसं अशी निवडली, जशी त्यानं कधी स्पेअर पार्टसुद्धा निवडले नव्हते. आपला एकही नाही. गॅरेजशेजारचा मोरोक्कन टायरवाला, त्याचे दोन भाऊ, तीन रशियन वेल्डर, रंगवाला, दोन इराकी बाप-लेक, आणि एक चहावाला. बायकोच्या कबरीवर प्रार्थना करायचीय, एवढंच सांगितलं. भली माणसं, कामावरून हात पुसून आली. वेल्डरच्या व्हॅनमधून कबरस्तानाशी उतरली तेव्हा मोजली तर नऊ. चहावाल्याला दुकान सोडता आलं नव्हतं.

परत फिरता आलं असतं. पण तेवढ्यात फाटकातून आत त्याला एलियाव दिसला. अविवच्या कबरीपाशी उभा होता, टाचेपासून मानेपर्यंत शहरी, पेताह तिक्वाच्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत होता म्हणे. दर वर्षी ह्या दिवसांत येत असे. मोटारसायकल त्यानं अपघाताच्या महिन्यातच विकली होती. सॅमी थबकला. मग त्यानं आठवून बघितलं. ह्या पोराच्या तोंडून मराठीचा एक शब्द तरी आपण कधी ऐकलाय? एस्थरमावशी त्याला दिवसभर मराठीत हाका मारायच्या, शिव्या द्यायच्या, जेवायला बोलवायच्या. हा उत्तर द्यायचा हिब्रूत. नेहमी हिब्रूत. आमच्या सगळ्याच पोरांसारखा. इथे जन्मलेलं, त्याला काय येणार!

"दहावा हो," त्यानं हिब्रूत सांगितलं. एलियाव काही न विचारता येऊन उभा राहिला.

युडिथची कबर अविवच्या शेजारीच होती. ऊन कडक होतं. दहा जण अर्धगोल करून उभे राहिले. सॅमीनं टोपी नीट केली आणि मोठ्यानं, अगदी गॅरेजात मारतात तशी हाक मारून, मराठीत सुरुवात केली.

"युडिथ, मी देवाचा नि तुझा गुन्हेगार आहे. तुझ्या नवसानं पोरगा नाय गेला. गाडी लई चांगली होती, मी चालवून बघितली होती. मीच तिच्या रेसला ठोकळा लावला, आतून. मूठ पिळली तरी अर्ध्यावरच थांबायची. पोरगा मला विचारत होता, अब्बा काय अडतंय, नि मी त्याला गाढव बोललो. ट्रकच्या पुढे जायला त्यानं पिळली, नि ती गेली नाय. ठोकळा मी नंतर काढला. तू आठ वर्षं माझी माफी मागितलीस. मी केली."

त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. मोरोक्कन टायरवाल्याचे डोळे भरून आले होते. म्हाताऱ्याचं बायकोवर केवढं प्रेम, असं त्यानं शेजाऱ्याच्या कानात म्हटलं. सॅमीनं हिब्रूत सांगितलं, आता तुम्ही तीनदा म्हणायचं, तुला माफ आहे.

माणसांनी म्हटलं. पहिल्यांदा जरा विस्कळीत, मग एका आवाजात. सॅमीचा कान अजून शाबूत होता. त्रेसष्ट वय झालं तरी गल्लीच्या तोंडाचा सैल वॉल्व्ह त्याला ऐकू यायचा. त्याला नऊ आवाज ऐकू आले. दुसऱ्यांदा नऊ. तिसऱ्यांदाही नऊच.

त्यानं मान वर केली. एलियाव त्याच्याकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा तो त्याच्याशी मराठीत बोलला, एस्थरमावशींच्या मराठीत, तोच हेल.

"मंग गिअर नव्हता ना चुकला त्याचा, अंकल?"

टायरवाल्यानं हिब्रूत विचारलं, झालं का, निघायचं का. नऊ जण व्हॅनकडे चालायला लागले. एलियाव तिथेच उभा राहिला, उत्तराची वाट बघत.